आगबोटीने बदललेली ऐपत

हज प्रत्येक मुसलमानावर फर्ज नाही. तिथवर जाऊन येण्याची ज्याची ऐपत आहे, त्याच्यावरच तो फर्ज आहे. या अटीला ‘इस्तिताअत’ म्हणतात. वाटखर्च, मागे राहिलेल्या घरच्यांची सोय, रस्त्याची सुरक्षितता, शरीराची ताकद हे सगळं तिच्यात येतं. अट चौदाशे वर्षं तीच आहे. ती कोणाला लागू होते, हे मात्र गेल्या दीडशे वर्षांत यंत्रांनी बदललं. तंत्रज्ञानाने माणसाची स्वप्नं कशी बदलतात, हे समजून घ्यायला मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

शिडाच्या जहाजांचा काळ आठवा. हिवाळा सरता सरता सुरतेहून निघायचं आणि परतायला नैऋत्येच्या वाऱ्याची वाट पाहायची. वारा चुकला की वर्ष गेलं. त्यात हजचा महिना चांद्र पंचांगाचा, दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकणारा. वाऱ्याचं वेळापत्रक आणि हजचं वेळापत्रक जुळायचं नाही, म्हणून यात्रेकरू महिनोन्महिने परदेशात अडकून पडत. बाबरची मुलगी आणि अकबराची आत्या गुलबदन बेगम 1576 च्या सुमारास हजला निघाली. पोर्तुगिजांच्या परवान्यासाठी सुरतेत मुक्काम, परतताना एडनजवळ जहाज फुटलं, आणि ती घरी पोहोचली 1582 मध्ये. बादशहाच्या आत्याची ही गत, तर कोकणातल्या शेतकऱ्याने किंवा भिवंडीच्या विणकराने काय करायचं? त्याच्यासाठी हज ही दुआत मागायची गोष्ट होती. तिची तयारी करायची, असं त्याच्या मनातही येत नसे.

मग आगबोट आली. ती वाऱ्याची वाट पाहत नाही. 1869 मध्ये सुएझ कालवा उघडला आणि लाल समुद्र जगाच्या मुख्य रस्त्यावर आला. बोटी वाढल्या, भाडी उतरली, सुरतेची जागा मुंबईने घेतली. काही वर्षांचा प्रवास काही महिन्यांवर आला. डेकवर, उघड्या आभाळाखाली, स्वतःची शिदोरी आणि स्वतःची चूल घेऊन जायची तयारी असेल, तर साधा माणूसही आता जिद्द्याला पोहोचू शकत होता. आमच्या रत्नागिरीकडच्या मुसलमानांना तर या बोटींनी दुहेरी वाट दिली. कोणी यात्रेकरू म्हणून चढला, तर कित्येक जण मोठ्या कंपन्यांच्या बोटींवर खलाशी, टिंडेल, सारंग म्हणून लागले. भाताच्या खाचरापलीकडे न पाहिलेल्या घरांत लंडन आणि सिंगापूरची नावं रोजच्या बोलण्यात आली.

हे सगळं सुखाचं नव्हतं. 1865 च्या हजमध्ये पटकीने हजारो माणसं दगावली आणि यात्रेकरूंबरोबर ती साथ सुएझमार्गे युरोपात गेली. पुढच्याच वर्षी इस्तंबूलमध्ये आंतरराष्ट्रीय परिषद भरली. नंतर कामरान बेटावर यात्रेकरूंना उतरवून अडकवून ठेवलं जाऊ लागलं. 1880 मध्ये ‘जेद्दा’ नावाची बोट साडेनऊशेच्या आसपास यात्रेकरू घेऊन निघाली होती. ती बुडणार असं वाटताच कप्तान आणि त्याचे गोरे अधिकारी यात्रेकरूंना तसंच सोडून पळाले. बोट बुडाली नाही, म्हणून त्यांचं पाप उघडं पडलं.

याच काळात सरकारी कागदांत ‘भिकारी यात्रेकरू’ हा शब्द वारंवार येऊ लागला. परतीचे पैसे नसलेल्या माणसांनी जावंच कशाला, असा साहेबांचा सवाल होता. आपल्यातले सुखवस्तू लोकही इस्तिताअतीचा दाखला देऊन तेच म्हणत. शरियतीच्या हिशेबाने त्यांचं चूक नव्हतं. पण मला त्या गरिबांचं म्हणणंही ऐकू येतं. दार पहिल्यांदाच किलकिलं झालं होतं. ते पुन्हा कधी बंद होईल, कोणाला ठाऊक? 1886 मध्ये सरकारने हजचा कारभार थॉमस कुक कंपनीकडे सोपवला, पण गरिबांची रांग काही थांबली नाही. क्रॉफर्ड मार्केटजवळचा साबू सिद्दीक मुसाफिरखाना अशाच रांगांसाठी उभा राहिला.

मुंबईची शेवटची हज-बोट 1995 मध्ये सुटली. आता अर्ज मोबाइलवर भरतो, सोडतीचा निकाल मोबाइलवरच कळतो आणि विमान पाच-सहा तासांत जिद्द्याला उतरवतं. पूर्वी हजला निघालेला माणूस देणी फेडायचा, भांडलेल्या भावाकडे जाऊन माफी मागायचा, कारण परत येण्याची खात्री नसायची. आता खात्री आहे, म्हणून माफी मागायची घाईही नाही. उमरा तर सुट्टीतल्या सहलीसारखा झाला आहे. काही घरांत तो तिसऱ्यांदा, चौथ्यांदा होतो आणि काबा पाठीशी ठेवून काढलेला फोटो पोहोचायच्या आधीच गावभर पोहोचतो.

मी जुन्या हालअपेष्टांचे गोडवे गाणार नाही. डेकवर मेलेल्या माणसांना विचारलं असतं, तर त्यांनी विमानच मागितलं असतं. पण यंत्राने ऐपत वाढवली की त्या ऐपतीचं काय करायचं, हा प्रश्न आपल्यावर येतो. आयुष्यात हज एकदाच फर्ज आहे. चौथ्या उमऱ्याला निघणाऱ्याच्या मोहल्ल्यात एखादी मुलगी फीपायी कॉलेज सोडत असेल, तर तिची फी भरण्याचीही त्याची ऐपत आहे. तो हिशेब मात्र त्यालाच करावा लागेल.