एडिसनचा दिवा आणि दोन सारखे रेझिस्टर



किराण्यासाठी ओक ट्री रोडला आपण सगळेच जातो. पण रूट २७ जवळच्या ख्रिस्टी स्ट्रीटवर १९३८ सालचा मनोरा आहे, डोक्यावर भलामोठा दिवा असलेला, तो किती जणांनी थांबून पाहिलाय?

एडिसनची मेन्लो पार्क प्रयोगशाळा इथेच होती. दिव्याची काच आतून काळी का पडते, हे तो १८८० पासून शोधत होता. त्यात कळलं की तापलेल्या तारेपासून शेजारच्या पट्टीकडे पोकळीतूनही वीज वाहते, आणि तीही एकाच दिशेने. १८८४ मध्ये पेटंट मिळालं आणि साहेबांनी विषय सोडला! त्याच परिणामातून १९०४ मध्ये फ्लेमिंगने डायोड केला. १९०६ मध्ये डी फॉरेस्टने त्यात ग्रिड घातली आणि पुढे त्यातूनच अँप्लिफायर आला.

स्पीकर दणक्यात वाजवायचा तर दोन नळ्या लागतात. दोघांनी करवत चालवावी तसं, एकीने ओढायचं तेव्हा दुसरीने सोडायचं. म्हणजे एकीला मूळ सिग्नल हवा, दुसरीला बरोब्बर उलटा. हे काम फेज स्प्लिटरचं. सुरुवातीला त्यासाठी ट्रान्सफॉर्मर वापरत: जड, महाग, शिवाय खर्ज आणि तार दोन्ही खाणारा.

मग एक साधी युक्ती आली. एकच ट्रायोड घ्या, प्लेटच्या वर आणि कॅथोडच्या खाली सारखेच रेझिस्टर लावा. दोन्हीतून करंट एकच, म्हणून कॅथोड जितका वर जातो तितकीच प्लेट खाली येते. नळी म्हातारी झाली तरी तोल ढळत नाही, कारण तो रेझिस्टरांवर आहे. फक्त सिग्नल वाढत नाही. १९४७ च्या प्रसिद्ध विल्यमसन अँप्लिफायरमध्ये हेच होतं, दोन्हीकडे २२ किलोओहम.

दुसरा मार्ग ब्लमलाइनचा, १९३६ च्या पेटंट अर्जातला: दोन नळ्यांचे कॅथोड जोडून खाली एकच मोठा रेझिस्टर. यात सिग्नल वाढतो, पण तोल थोडा चुकतो. म्हणून फेंडरच्या गिटार अँप्लिफायरमध्ये प्लेटला एकीकडे ८२ आणि दुसरीकडे १०० किलोओहम दिसतात. कॉलेजात आपण घोकलेल्या ७४१ ऑप-अँपच्या तोंडाशी हीच जोडी बसलीय, ट्रान्झिस्टरच्या रूपात.

लॉगमधली एखादी विचित्र ओळ 'काही बिघडत नाही' म्हणून मी दर आठवड्याला बंद करतो. एडिसननेही तेच केलं होतं. हल्ली बंद करण्याआधी मी पाच मिनिटं तरी थांबतो.

चू. भू. द्या. घ्या.

आपला,
एक एडिसनकर