इंटरकूलर (मध्य-इंजिन टर्बो मोटारींतील)

टर्बोचार्जरने दाबलेली आणि दाबामुळे तापलेली हवा इंजिनात शिरण्याआधी थंड करणारे साधन. ट्रक, जीप किंवा ट्रॅक्टरमध्ये इंजिन पुढे असते, त्यामुळे इंटरकूलर बहुधा रेडिएटरच्या शेजारी किंवा पुढे बसतो आणि समोरचा वारा त्याला थेट मिळतो. मध्य-इंजिन स्पोर्ट्‌स कारमध्ये इंजिन आसनांच्या मागे, मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढे असते. तिथे समोरचा वारा पोहोचत नाही. अशा गाडीत इंटरकूलर किती मोठा, यापेक्षा त्याला हवा कुठून मिळणार आणि ती कुठून बाहेर पडणार, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. प्रस्तुत नोंदीतील आकडेमोड पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील भिगवण–बारामती–इंदापूर पट्ट्याचे हवामान धरून केली आहे.

इतिहास : निष्कास वायूवर चालणाऱ्या टर्बोचार्जरचे पेटंट स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये घेतले. दाबलेली हवा थंड करण्याचे तंत्र दुसऱ्या महायुद्धातील विमानांत पक्के झाले. लॉकहीड पी-३८ लाइटनिंग या अमेरिकी विमानाचे इंटरकूलर सुरुवातीला पंखांच्या पुढच्या कडेत बसवले होते. इंजिनांची ताकद वाढत गेली तसे ते अपुरे पडले. ‘जे’ प्रकारापासून ते तिथून काढून इंजिनाखाली, तेलाच्या कूलरांच्या मधोमध आणले गेले. जागा चुकली की इंजिनाची ताकद वाया जाते, याचे हे जुने आणि ठळक उदाहरण होय. मोटारींत पोर्शे ९११ टर्बोला १९७८ मध्ये ३.३ लिटर इंजिनासोबत इंटरकूलर मिळाला. मात्र ती मागे इंजिन असलेली गाडी. मध्य-इंजिन गाड्यांपैकी फेरारी एफ-४० (१९८७) मध्ये हवेने थंड होणारे दोन इंटरकूलर होते. लोटस एस्प्रि टर्बो एसई (१९८९) मध्ये पाण्याने थंड होणारा इंटरकूलर वापरला गेला. टोयोटा एमआर-२ च्या दुसऱ्या पिढीच्या टर्बो गाडीत (१९८९ पासून) तो इंजिनाच्या बाजूला बसवून त्याला कुशीतल्या झरोक्यातून हवा दिली होती.

प्रकार : (१) हवा-हवा. तापलेली हवा अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांतून जाते आणि पत्र्यांमधून वाहणारा बाहेरचा वारा तिची उष्णता घेतो. रचना साधी असते; पंप नाही, पाणी नाही. (२) हवा-पाणी. इंजिनाजवळ छोटा गाभा असतो. त्यातून फिरणारे पाणी उष्णता घेते आणि गाडीच्या नाकाशी बसवलेल्या वेगळ्या रेडिएटरमध्ये ती सोडते. या पाण्याचे चक्र इंजिनाच्या पाण्यापासून वेगळे ठेवावे लागते, कारण इंजिनाचे पाणीच ९० अंश सेल्सिअसच्या आसपास असते.

भिगवण पट्ट्यातील आकडेमोड : भिगवण उजनी जलाशयाच्या काठी, समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब सुमारे ९५ किलोपास्कल भरतो. एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे तापमान ४० अंशांवर जाते. २ लिटर टर्बो पेट्रोल इंजिन, सुमारे २५० अश्वशक्ती, दाबाचे गुणोत्तर १.८ आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर ४२ अंशांची हवा टर्बोतून बाहेर पडताना सुमारे १२४ अंशांवर पोहोचते. इंटरकूलरची परिणामकारकता ७० टक्के असल्यास ती सुमारे ६७ अंशांवर येते आणि तिची घनता सुमारे १७ टक्क्यांनी वाढते. गाभ्यात व पाइपांत १० किलोपास्कल दाब खर्ची पडला, तर त्यातला निव्वळ फायदा १० टक्क्यांच्या आसपास उरतो. हिवाळ्यातल्या पहाटे १२ अंशांना तीच मांडणी इंजिनाला सुमारे ३४ अंशांची हवा देते. म्हणजे डिसेंबरच्या सकाळी घेतलेल्या चाचणीवर भरवसा ठेवून मे महिन्याच्या दुपारचा निर्णय घेता येत नाही. हवा तापलेली राहिली की पेट्रोल इंजिन ठोकू लागते. ते टाळण्यासाठी नियंत्रण संगणक ठिणगी उशिरा पाडतो आणि चालकाला पिकअप गेल्याचे जाणवते.

या उदाहरणात पूर्ण जोरावर इंटरकूलरला सुमारे ११ किलोवॉट उष्णता काढून टाकावी लागते. हवा-पाणी पद्धतीत १० लिटर पाणी भरले आणि पुढच्या रेडिएटरने काहीच काम केले नाही असे मानले, तर ४० सेकंदांच्या आत पाण्याचे तापमान १० अंशांनी चढते. थोड्या वेळाच्या जोरासाठी हा साठा पुरतो. सलग जोर लावायचा तर पुढचा रेडिएटरच कामाला येतो. पंपाने मिनिटाला २० लिटर पाणी फिरवले, तर गाभ्यातून जाताना ते सुमारे ८ अंश तापते.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी १०० किलोमीटर वेगाला झरोक्याच्या तोंडाशी सुमारे ४०० पास्कल दाब मिळतो, तर ताशी ३० ला ४० पास्कलही मिळत नाही. पुणे–सोलापूर महामार्गावर (राष्ट्रीय महामार्ग ६५, पूर्वीचा ९) गाडी एकसारख्या वेगाने धावत असेल, तर कुशीतला हवा-हवा इंटरकूलर आपले काम चोख करतो. पाटस किंवा सरडेवाडीच्या टोलनाक्यावर गाडी रांगेत थांबली, अथवा गळीत हंगामात दोन ट्रेलर ओढणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकली, की इंजिनाच्या कप्प्यातली उष्णता उलट इंटरकूलरच्या गाभ्यात मुरते. अशा वेळी थर्मोस्टॅटवर चालणारा विजेचा पंखा उपयोगी पडतो. एमआर-२ मध्ये असा पंखा मुळातच होता.

निवडीचे निकष : इंटरकूलर नाकाशी नेऊन हवा-हवा ठेवावा, असाही एक मार्ग सुचवला जातो. त्यासाठी जाऊन-येऊन सुमारे ६ मीटर पाइप लागतो. ५७ मिलिमीटर व्यासाच्या अशा पाइपात सुमारे १५ लिटर हवा मावते आणि ती दाबाखाली येईपर्यंत अ‍ॅक्सिलरेटरला प्रतिसाद लांबतो. म्हणून हा मार्ग क्वचितच घेतला जातो. कुशीत गाभा बसवायचा तर झरोक्याचे तोंड गाभ्याच्या दर्शनी क्षेत्रफळाच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा लहान नसावे, असा संकेत आहे. तोंडापासून गाभ्यापर्यंतची वाट चारही बाजूंनी बंद असावी. फट राहिली की हवा गाभ्याला वळसा घालून निघून जाते. बाहेर पडणारी गरम हवा कमी दाबाच्या जागी, म्हणजे चाकाच्या कमानीत किंवा इंजिनावरच्या जाळीतून, सोडावी. इंजिनाच्या डोक्यावर बसवलेला गाभा पाइपाची लांबी वाचवतो, पण मध्य-इंजिन गाडीत छपरावरून येणारी हवा त्याच्यापर्यंत नेणे अवघड असते आणि खालून टर्बाइनची धग लागते. हवा-हवा श्रेष्ठ की हवा-पाणी, याबाबत जाणकारांत एकमत नाही.

भारतीय उदाहरणे : मुंबईच्या डीसी डिझाइनने २०१२ च्या दिल्लीतील ऑटो एक्स्पोत ‘अवंती’ ही मध्य-इंजिन गाडी मांडली. तिच्यात रेनोचे २ लिटर टर्बो पेट्रोल इंजिन, सुमारे २५० अश्वशक्ती, सहा गिअर आणि मागच्या चाकांना चालना अशी रचना होती. मागच्या चाकांपुढील मोठे झरोके ही तिच्या बाह्यरूपाची ओळख आहे. टाटा मोटर्सने ‘टॅमो’ या नावाखाली ‘रेसमो’ ही दोन आसनी मध्य-इंजिन गाडी मार्च २०१७ मध्ये जिनिव्हा प्रदर्शनात दाखवली. तिच्या १.२ लिटर टर्बो पेट्रोल इंजिनाची ताकद १९० पीएस आणि टॉर्क २१० न्यूटन-मीटर जाहीर झाला होता. त्याच वर्षी बाजारात आलेल्या टाटा नेक्सॉनचे १.२ लिटर टर्बो इंजिन ११० पीएसचे होते. तेवढ्याच आकाराच्या इंजिनातून इतकी जादा ताकद काढायची, तर हवा थंड करण्याचा भार त्या प्रमाणात वाढतो. रेसमो विक्रीला आली नाही.

भिगवण परिसर : मागे इंजिन असलेली वाहने येथील फिटरांना नवी नाहीत. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत पियाजिओचा कारखाना असून तेथे बनणाऱ्या डिझेल ‘अ‍ॅपे’ तीनचाकीचे इंजिन मागेच असते. मात्र तिला टर्बो नसतो. इंटरकूलरशी गॅरेजवाल्यांचा रोजचा संबंध येतो तो ट्रकांमुळे.

देखभाल : पाइपाची क्लिप ढिली झाली किंवा रबरी होज चिरला, की दाब निसटतो, शिट्टीसारखा आवाज येतो, पिकअप जातो आणि डिझेल गाडी काळा धूर ओकते. जोडावर तेलकट काळा डाग दिसला, तर गळती तिथेच शोधावी. या पट्ट्यात गाभ्याच्या पत्र्यांत महामार्गाची धूळ, पाचटाचे तुकडे आणि तिन्हीसांजेला पाणथळीवरून उठणारी चिलटे अडकतात. कुशीतला झरोका जमिनीपासून जेमतेम हातभर उंचीवर असल्याने त्यात कचरा अधिक भरतो; तोंडावर जाळी बसवावी आणि पाण्याची धार आतून बाहेर मारावी. फार जोराच्या धारेने पत्रे दुमडतात. हवा-पाणी मांडणीत पंप, फ्यूज आणि पाण्याची पातळी पाहावी; पंप बंद पडला तरी गाडी चालत राहते, म्हणून बिघाड उशिरा कळतो.

कायदा : निर्मात्याने ठरवलेल्या मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची बंधने आहेत.

निष्कर्ष : महामार्गावर चालवायच्या २०० ते २५० अश्वशक्तीच्या गाडीला या हवामानात कुशीतला हवा-हवा इंटरकूलर, बंद वायुमार्ग आणि पंखा ही मांडणी पुरेशी व कमी कटकटीची ठरते. कुशीत जागाच नसेल, किंवा जोर थोडाच वेळ पण पुन्हा पुन्हा लावायचा असेल, तर हवा-पाणी पद्धत घ्यावी. मात्र पुढचा रेडिएटर ऐसपैस असावा. मोठा गाभा विकत घेण्याआधी मे महिन्याच्या दुपारी इंजिनात शिरणाऱ्या हवेचे तापमान मोजून पाहावे.