स्थिरभिंगी कॉम्पॅक्ट कॅमेरा आणि मिररलेस कॅमेरा

स्थिरभिंगी कॉम्पॅक्ट कॅमेरा आणि भिंग बदलता येणारा मिररलेस कॅमेरा हे डिजिटल छायाचित्रणात वापरले जाणारे कॅमेऱ्यांचे दोन प्रमुख प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात भिंग (लेन्स) कॅमेऱ्याच्या मुख्य भागाशी कायमचे जोडलेले असते. दुसऱ्या प्रकारात ते काढून त्या जागी वेगळे भिंग बसवता येते. एसएलआर कॅमेऱ्यात असतो तसा आरसा या दोहोंतही नसतो. त्यामुळे ‘मिररलेस’ ही संज्ञा शब्दशः दोन्ही प्रकारांना लागू पडते. रूढ वापरात मात्र ती भिंग बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यांपुरतीच मर्यादित झाली आहे. दोहोंतील मूळ भेद भिंग आणि संवेदक यांच्या जोडणीचा आहे. वजन, खर्च, देखभाल आणि उपयोगाची व्याप्ती यांतील बहुतेक फरक त्या एका भेदातून उद्भवतात.

संज्ञांचा अर्थ

‘स्थिरभिंगी’ याचा अर्थ भिंग काढता न येणारा, एवढाच आहे. अशा भिंगाचे केंद्रांतर एकच असू शकते किंवा झूम भिंगाप्रमाणे बदलतेही असू शकते. ‘कॉम्पॅक्ट’ म्हणजे आटोपशीर आकाराचा. सर्वच स्थिरभिंगी कॅमेरे आटोपशीर नसतात. २०१८ साली आलेला निकॉन कूलपिक्स पी१००० हा स्थिरभिंगी असूनही त्याचे वजन १.४ किलोग्रॅमच्या आसपास आहे. अशा मोठ्या झूम कॅमेऱ्यांना ‘ब्रिज कॅमेरा’ म्हणतात. ज्या धातूच्या कड्यावर बदलते भिंग बसवले जाते, त्याला ‘माउंट’ म्हणतात. वेगवेगळ्या माउंटचे मोजमाप वेगळे असल्यामुळे एका माउंटसाठी बनवलेले भिंग दुसऱ्यावर थेट बसत नाही.

इतिहास

हा भेद डिजिटल युगाच्या फार पूर्वीचा आहे. ओस्कार बार्नाक यांनी घडवलेला लायका कॅमेरा १९२५ साली जर्मनीतील लाइपझिशच्या व्यापारी जत्रेत सादर झाला, तेव्हा त्याचे ५० मिलिमीटर केंद्रांतराचे भिंग कॅमेऱ्यातच पक्के बसवलेले होते. १९३० साली त्याच कॅमेऱ्याला आट्यांचे कडे मिळाले आणि भिंग बदलणे शक्य झाले. या दोन्ही रूपांत आरसा नव्हता.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एसएलआर कॅमेरा प्रभावी ठरला. भिंगातून आलेला प्रकाश आरशावरून वर वळवून तो छायाचित्रकाराच्या डोळ्यापर्यंत नेण्याची सोय त्यात होती. त्यामुळे भिंग कोणतेही बसवले तरी त्यातून दिसणारे दृश्य जसेच्या तसे पाहता येई. डिजिटल संवेदकावरील प्रतिमा सतत पडद्यावर दाखवता येऊ लागल्यावर आरशाची ही गरज उरली नाही. ऑलिंपस आणि पॅनासॉनिक या जपानी कंपन्यांनी २००८ साली ‘मायक्रो फोर थर्ड्स’ ही मानक प्रणाली जाहीर केली आणि त्याच वर्षी पॅनासॉनिकचा लुमिक्स जी१ हा तिचा पहिला कॅमेरा बाजारात आला. सोनीने २०१० साली, फुजीफिल्मने २०१२ साली आपापले माउंट आणले. सोनीच्या ए७ या कॅमेऱ्यात (२०१३) ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढा, म्हणजे फुल-फ्रेम संवेदक होता. २०१८ साली कॅनन आणि निकॉन यांनीही फुल-फ्रेम मिररलेस प्रणाली सुरू केल्या.

याच काळात स्थिरभिंगी कॅमेऱ्यांतही मोठे संवेदक येऊ लागले. सिग्मा डीपी१ (२००८), फुजीफिल्म एक्स१०० (२०११), सोनी आरएक्स१०० व आरएक्स१ (दोन्ही २०१२), रिको जीआर (२०१३) आणि लायका क्यू (२०१५) ही त्याची ठळक उदाहरणे होत.

संवेदकाचा आकार

कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याची प्रतिमा निकृष्ट आणि मिररलेसची उत्कृष्ट, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः प्रतिमेचा दर्जा मुख्यत्वे संवेदकाच्या क्षेत्रफळावर आणि भिंगाच्या गुणवत्तेवर ठरतो. प्रचलित संवेदकांची स्थूल मापे पुढीलप्रमाणे आहेत.

• १/२.३ इंची : ६.२ × ४.६ मिलिमीटर (साधे कॉम्पॅक्ट व अनेक ब्रिज कॅमेरे)
• १ इंची : १३.२ × ८.८ मिलिमीटर (सोनी आरएक्स१०० मालिका)
• मायक्रो फोर थर्ड्स : १७.३ × १३ मिलिमीटर
• एपीएस-सी : सुमारे २३.५ × १५.६ मिलिमीटर (फुजीफिल्म एक्स१०० मालिका, रिको जीआर)
• फुल-फ्रेम : ३६ × २४ मिलिमीटर (सोनी आरएक्स१, लायका क्यू)

‘१ इंची’ हे केवळ परंपरागत नाव असून त्या संवेदकाची कोणतीही बाजू एक इंच नसते. एपीएस-सी आणि फुल-फ्रेम हे दोन्ही आकार मिररलेस कॅमेऱ्यांतही सर्रास आढळतात. म्हणून संवेदक समान असेल, तर केवळ कॅमेऱ्याच्या प्रकारावरून प्रतिमेची प्रत ठरवता येत नाही.

छिद्रांकाची तुलना करतानाही संवेदकाचा आकार लक्षात घ्यावा लागतो. पहिल्या आरएक्स१०० चे भिंग विस्तृत कोनाच्या टोकाला एफ/१.८ इतके उघडते. मात्र पार्श्वभूमी धूसर करण्याच्या बाबतीत ते फुल-फ्रेम कॅमेऱ्यावरील साधारण एफ/४.९ च्या बरोबरीचे ठरते. कारण त्याच दृश्यकोनासाठी लहान संवेदकाला कमी केंद्रांतराचे भिंग पुरते आणि त्यामुळे छिद्राचा प्रत्यक्ष व्यास लहान राहतो.

रचनेतील फरक

एसएलआर कॅमेऱ्यात भिंगाचे कडे आणि संवेदक यांच्यामध्ये आरसा हलण्याइतकी जागा ठेवावी लागते. निकॉनच्या एसएलआर माउंटमध्ये हे अंतर ४६.५ मिलिमीटर होते. त्याच कंपनीच्या मिररलेस माउंटमध्ये ते १६ मिलिमीटर आहे. मिररलेस कॅमेऱ्याची जाडी त्यामुळे कमी झाली आणि जुनी भिंगे मधल्या जोडकड्याच्या साहाय्याने वापरणेही शक्य झाले.

स्थिरभिंगी कॅमेऱ्यात माउंटच नसतो. त्यामुळे भिंगाचा मागील भाग संवेदकाच्या अगदी जवळ आणता येतो, तसेच एकच भिंग एकाच संवेदकासाठी जुळवून घडवता येते. भिंग आत मिटवून घेण्याची सोय केल्यास कॅमेरा खिशातही मावतो. अशा अनेक कॅमेऱ्यांत पाकळ्यांची झडप भिंगातच बसवलेली असते. ती जवळजवळ नीरव असते आणि फ्लॅशशी अधिक वेगात जुळते. बहुतेक मिररलेस कॅमेऱ्यांत झडप संवेदकासमोर पडद्याच्या रूपात असते. तिचा फ्लॅशशी जुळणारा वेग साधारणतः १/१६० ते १/२५० सेकंदाच्या आसपास मर्यादित राहतो.

समान संवेदकाचे उदाहरण

फुजीफिल्म कंपनीचे एक्स१००व्हीआय आणि एक्स-टी५० हे दोन्ही कॅमेरे २०२४ साली आले. दोहोंत ४०.२ मेगापिक्सेलचा एपीएस-सी संवेदक आहे. पहिल्यात २३ मिलिमीटर, एफ/२ भिंग पक्के बसवलेले असून बॅटरी व कार्डासह त्याचे वजन ५२१ ग्रॅम आणि जाडी सुमारे ५५ मिलिमीटर आहे. एक्स-टी५० चे वजन ४३८ ग्रॅम आहे, परंतु त्यात भिंगाचा समावेश नाही. त्याच केंद्रांतराचे व छिद्रांकाचे १८० ग्रॅमचे भिंग लावल्यास एकूण वजन ६१८ ग्रॅम होते आणि कॅमेऱ्याच्या पुढे सुमारे ५२ मिलिमीटर लांबीची नळी येते. एक्स१००व्हीआयमध्ये प्रकाश सोळाव्या हिश्शापर्यंत घटवणारा गाळकही अंतर्भूत आहे. उलट, एक्स-टी५० वर पक्ष्यांसाठी दूरदर्शी, कीटकांसाठी निकटदर्शी किंवा इमारतींसाठी विस्तृत कोनाचे भिंग लावता येते.

स्थिर भिंगाची मर्यादा रिको कंपनीच्या उदाहरणावरून अधिक स्पष्ट होते. २८ मिलिमीटरच्या समतुल्य दृश्यकोनाच्या जीआर थ्री (२०१९) या कॅमेऱ्याच्या वापरकर्त्यांना ४० मिलिमीटरचा समतुल्य कोन देण्यासाठी कंपनीने २०२१ साली जीआर थ्री-एक्स हा स्वतंत्र कॅमेराच काढला. मिररलेस प्रणालीत या कामी दुसरे भिंग पुरले असते.

देखभाल व खर्च

मिररलेस कॅमेऱ्याचे भिंग बदलताना संवेदक उघडा पडतो आणि त्यावर धूळ बसू शकते. हातपंपाच्या हवेने ती बहुधा घरीच उडवता येते. स्थिरभिंगी कॅमेऱ्यात धूळ शिरण्याचा संभव कमी असतो; तथापि पुढेमागे सरकणाऱ्या भिंगाच्या फटीतून ती आत गेल्यास कॅमेरा दुरुस्तीसाठी उघडावा लागतो. कोकण व गोव्यासारख्या दमट हवेच्या प्रदेशांत पावसाळ्यात भिंगाला बुरशी लागण्याचा धोका दोन्ही प्रकारांना सारखाच असतो. त्यासाठी कॅमेरा सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवण्याची पद्धत आहे. बुरशी लागलीच, तर मिररलेसचे केवळ ते भिंग बाजूला काढून उर्वरित संच वापरता येतो. स्थिरभिंगी कॅमेरा मात्र पूर्णच दुरुस्तीला द्यावा लागतो.

खर्चाची विभागणीही भिन्न असते. स्थिरभिंगी कॅमेऱ्यासाठी एकदाच पैसे मोजावे लागतात. मिररलेसच्या बाबतीत कॅमेऱ्याची किंमत हा खर्चाचा आरंभ असतो आणि भिंगांवरील एकूण खर्च पुढे कॅमेऱ्याहून अधिक होऊ शकतो. याउलट चांगली भिंगे दीर्घकाळ टिकतात आणि मुख्य भाग बदलला तरी त्याच माउंटवर वापरता येतात. सोबत मिळालेल्या एकाच झूम भिंगावर वर्षानुवर्षे काम भागवणाऱ्या वापरकर्त्याला मात्र या सोयीचा लाभ मिळत नाही.

सद्यस्थिती

जगातील डिजिटल कॅमेऱ्यांची पाठवणी २०१० साली १२ कोटींच्या घरात पोहोचली होती; त्यांत कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांचा वाटा सर्वाधिक होता. स्मार्टफोनच्या प्रसारानंतर स्वस्त कॉम्पॅक्ट कॅमेरे बाजारातून जवळजवळ नाहीसे झाले. फोनपेक्षा मोठा संवेदक किंवा फोनला न जमणारे दूरदर्शी झूम ज्यांच्यापाशी होते, असे स्थिरभिंगी कॅमेरे प्रामुख्याने टिकून राहिले. २०२० नंतर फुजीफिल्मच्या एक्स१०० मालिकेला पुरवठ्याहून अधिक मागणी येऊ लागली. प्रवास, रस्त्यावरील जनजीवन आणि कौटुंबिक प्रसंग टिपण्यासाठी स्थिरभिंगी कॅमेरे, तर वन्यजीव, क्रीडा, विवाहसमारंभ आणि व्यावसायिक छायाचित्रण यांसाठी मिररलेस कॅमेरे विशेषत्वाने वापरले जातात.