कोणत्या कॅमेऱ्यातून बघायचं?

दिवाळीचा कार्यक्रम तीन आठवड्यांवर आला की तुमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर हा प्रश्न येतोच: यंदा थेट प्रक्षेपण करायचं का, आणि कॅमेरे किती लावायचे? मग कुणी आपला जुना वेबकॅम देऊ करतो, कुणाकडे चांगला डीएसएलआर असतो, कुणाचा मुलगा म्हणतो की दोन फोन तिपाईवर लावू, झालं. हे सगळं जोडायचं मात्र एकाच लॅपटॉपला. प्रत्यक्ष त्या दिवशी पहिला कॅमेरा छान दिसतो, दुसरा जोडला की पडद्यावर काळा चौकोन येतो आणि तिसरा जोडताच पहिलाही थिजतो. इकडे नांदी सुरू झालेली असते. साताऱ्यात रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात, आणि नातीचं भरतनाट्यम बघायला आजी जागी बसलेली असते.

हा प्रश्न तुम्हाला तुमच्या हॉलपुरता वाटत असेल, पण ज्या देशात तुम्ही राहता तिथे त्याला नव्वद वर्षांचा इतिहास आहे. आणि मागे गेलं तर त्यात एक मराठी माणूसही भेटतो.

हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, हे मुंबईचे छायाचित्रकार. 1896 साली वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं त्यांनी पाहिली आणि यॉर्कशरातल्या ब्रॅडफर्डच्या रायली ब्रदर्सकडून एक कॅमेरा मागवला. किंमत 21 गिनी. 1899 मध्ये त्यांनी हँगिंग गार्डनवरची एक कुस्ती टिपली आणि फिल्म धुऊन आणायला पुन्हा विलायतेला पाठवली. पुढे 1901 च्या डिसेंबरात केंब्रिजहून सीनियर रँग्लर होऊन परतलेल्या रघुनाथराव परांजप्यांचं स्वागत त्यांनी चित्रित केलं. कॅमेरा ब्रॅडफर्डचा, माणूस केंब्रिजचा, गर्दी मुंबईची! पण कॅमेरा एकच. एकदा तिपाई रोवली की कोणती बाजू दिसणार हे ठरून गेलं, निवडीचा प्रश्नच नाही.

निवड आली ती उत्तर लंडनच्या टेकडीवर. अलेक्झांड्रा पॅलेस तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलेला असेल. 2 नोव्हेंबर 1936 ला बीबीसीची दूरचित्रवाणी सेवा तिथून सुरू झाली, तीही दोन प्रतिस्पर्धी पद्धतींनी, आलटून पालटून. एक जॉन लोगी बेअर्डची, 240 रेषांची. दुसरी मार्कोनी-ईएमआयची, 405 रेषांची. बेअर्डच्या मुख्य स्टुडिओतला कॅमेरा जमिनीला जखडलेला होता, कारण तो खरं तर फिल्म कॅमेरा होता: चित्र फिल्मवर घ्यायचं, ती तिथल्या तिथे रसायनात धुवायची आणि ओलीच असताना तिचं दूरचित्र करायचं. एवढ्यात जवळजवळ मिनिट जायचा. ईएमआयचा इमिट्रॉन कॅमेरा मात्र हलवता यायचा, त्याचं चित्र तत्क्षणी मिळायचं, आणि एकाहून जास्त कॅमेरे लावून त्यांतलं कोणतं चित्र पुढे पाठवायचं हे ठरवता यायचं. 1937 च्या फेब्रुवारीत बेअर्डची पद्धत बंद झाली. रेषांची संख्या हे एक कारण खरंच, पण माझ्या मते खुंट्याला बांधलेल्या त्या कॅमेऱ्याने अर्धी लढाई आधीच हरली होती.

तीन महिन्यांनी, 12 मे 1937 ला, सहाव्या जॉर्जच्या राज्याभिषेकाची मिरवणूक हाइड पार्क कॉर्नरवरून गेली. ॲबीच्या आत दूरचित्रवाणीला मज्जाव होता, म्हणून ॲप्सली गेटपाशी तीन इमिट्रॉन उभे केले होते. शेजारी एक मोठी गाडी, तिच्या पोटात नियंत्रणाची सगळी यंत्रणा. तिथून सुमारे आठ मैल केबल अलेक्झांड्रा पॅलेसपर्यंत. ती गाडी म्हणजेच तुमचा लॅपटॉप. तीन डोळ्यांनी पाहिलेलं एका ठिकाणी आणायचं आणि त्यातलं एकच बाहेर सोडायचं, हे काम तिथेही तेच होतं.

एक फरक मात्र लक्षात घ्या. त्या गाडीत एकच स्पंदन तिन्ही कॅमेऱ्यांना हाकत होतं, त्यामुळे तिघेही एका तालात चालायचे. तुमचे तीन कॅमेरे तीन दुकानांतून आलेले, प्रत्येकाचं घड्याळ वेगळं. म्हणून तासाभराच्या मैफलीत एका कॅमेऱ्यात तबलजीचा हात समेवर पडलेला असतो आणि दुसऱ्यात अजून हवेतच असतो. उपाय जुनाच आहे. सुरुवातीला सगळ्या कॅमेऱ्यांसमोर एक खणखणीत टाळी वाजवायची आणि शेवटी आणखी एक. नंतर दोन्ही टाळ्या जुळवल्या की मधलं किती सरकलं ते कळतं.

आणखी एक धागा तिथपासून तुमच्या हॉलपर्यंत येतो. ईएमआयने सेकंदाला 25 चित्रं निवडली, कारण इथली घरगुती वीज सेकंदाला 50 वेळा हेलकावे घेते आणि तिच्याशी मेळ राखला तर चित्रात लाटा कमी दिसतात. बहुतेक वेबकॅम आणि फोन अमेरिकेच्या 60 हेलकाव्यांच्या सवयीने 30 चित्रांवर बसवलेले असतात. मग शाळेच्या हॉलमधल्या ट्यूबलाइटखाली पडद्यावर काळे पट्टे सरकू लागतात आणि आपण कॅमेऱ्याला दोष देतो. सेटिंगमध्ये विजेची वारंवारता 50 करा, चित्रं 25 करा, पट्टे बहुधा जातील. भारतातही वीज 50 चीच, त्यामुळे पुण्यातही हेच लागू.

2 जून 1953 चा एलिझाबेथचा राज्याभिषेक म्हणजे या कलेची मोठी परीक्षा. आधी ॲबीत कॅमेऱ्यांना नकार, मग ओरड झाल्यावर परवानगी, पण अटींसह. आत पाच कॅमेरे. राणीचा चेहरा फार जवळून दाखवायचा नाही अशी अट होती. निर्माता पीटर डिमॉक यांनी ती ऐनवेळी गुंडाळून ठेवली आणि लांब पल्ल्याच्या लेन्समधून चेहरा घरोघर पोहोचवला. दोन कोटींहून जास्त लोक बघत होते, आणि लक्षात राहिला तो चेहरा. तुमच्याही कार्यक्रमाचं तसंच आहे. मागून घेतलेल्या संपूर्ण रंगमंचाच्या चित्रात मुलं मुंग्यांएवढी दिसतात, आणि आजीला दिसायला हवा असतो तो नातीचा चेहरा.

1937 चं ते थेट चित्र बीबीसीने साठवलं नाही, कारण साठवायची सोयच नव्हती. युद्धापूर्वीच्या बीबीसीच्या थेट प्रसारणाचा जो चार मिनिटांचा मुका तुकडा उरला आहे तो 1938 मध्ये न्यूयॉर्कला योगायोगाने पकडलेल्या लहरींवरून पडद्यासमोर फिल्म कॅमेरा धरून घेतलेला. 1953 पर्यंत पडद्यावरून फिल्म करण्याचं तंत्र आलं होतं, म्हणून त्या दिवशीच्या फिल्मचे डबे हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी कॅनडाला त्याच दिवशी पोचले. दाखवणं आणि ठेवणं ही दोन वेगळी कामं आहेत हे तेव्हा ध्यानात आलं होतं. आपण अजून विसरतो.

आता संगणकाकडे येऊ, म्हणजे परत केंब्रिजला. परांजप्यांच्या रँग्लरपदानंतर 92 वर्षांनी, 1991 मध्ये, तिथल्या संगणक प्रयोगशाळेत एक अगदी घरगुती अडचण होती. कॉफीचं भांडं ट्रोजन रूम नावाच्या खोलीपाशी, आणि पिणारे इमारतभर. जिने उतरून यावं तर भांडं रिकामं. तेव्हा एक कॅमेरा भांड्यावर रोखला आणि चित्र पकडणारं कार्ड बसवलेल्या एकॉर्न आर्किमिडीज संगणकाला जोडला. पॉल जार्डेट्स्की यांनी चित्र पुरवणारा प्रोग्रॅम लिहिला, क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर यांनी ते दाखवणारा. चित्र 128 बाय 128 ठिपक्यांचं, काळंपांढरं, मिनिटाला साधारण तीनदा बदलणारं. 1993 च्या नोव्हेंबरात ते वेबवर आलं आणि जगभरचे लोक केंब्रिजची कॉफी बघू लागले. 22 ऑगस्ट 2001 ला तो कॅमेरा बंद झाला. ते क्रुप्सचं यंत्र ईबेवर 3,350 पौंडांना जर्मनीच्या श्पीगेलने घेतलं.

त्या भांड्याची आठवण यासाठी, की त्या मंडळींनी कॅमेरा निवडताना प्रश्न बरोबर विचारला होता. काय बघायचंय? भांड्यात कॉफी आहे की नाही. त्याला तीन चित्रं पुरतात. आपण दुकानात गेलो की आधी 4के बघतो.

नेमका इथेच काळा चौकोन येतो. थोडा हिशेब करू. 640 बाय 480 चं साधं चित्र, प्रत्येक ठिपक्याला दोन बाइट, सेकंदाला 30 चित्रं: होतात सुमारे 147 मेगाबिट. यूएसबी 2.0, 2000 साली आलेली, कागदावर 480 मेगाबिट वाहते, पण अशा सतत धारेला तिच्यातला 80 टक्केच वाटा मिळतो, म्हणजे 384. दोन कॅमेरे बसतात, तिसरा नाही. त्यातही अनेक कॅमेरे गरजेपेक्षा जास्त जागा आधीच अडवून ठेवतात, एसटीत रुमाल टाकून ठेवावा तशी. मग दुसऱ्यालाही जागा उरत नाही. आणि 1920 बाय 1080 चं कच्चं चित्र जवळजवळ 995 मेगाबिट मागतं, त्यामुळे एकही कॅमेरा बसणार नाही. म्हणूनच कॅमेरा आतल्या आत प्रत्येक चित्र दाबून लहान करून पाठवतो. सॉफ्टवेअरमध्ये चित्राच्या प्रकारात एमजेपेग निवडलं की तो हेच करतो.

यूएसबी हब घेऊन तुम्ही भोकं वाढवता, रस्ता नाही. हे एवढं समजलं तर निम्म्या मंडळांचे पैसे वाचतील. दोन कॅमेरे लॅपटॉपच्या दोन वेगळ्या बाजूंना लावून बघा. काही लॅपटॉपांत त्या वाटा खरंच वेगळ्या असतात, काहींत आत जाऊन एकच होतात. कार्यक्रमाच्या आदल्या रात्री तपासा, त्या दिवशी नाही.

आपल्यातले बहुतेक जण हे सगळं 2020 मध्ये शिकले. मार्चात टाळेबंदी झाली, वेबकॅम दुकानांतून गायब झाले, आणि त्या वर्षीची गणेश चतुर्थी आली 22 ऑगस्टला. कॉफीचा कॅमेरा बंद झाल्याला बरोबर 19 वर्षं! देशभरातल्या दिवाणखान्यांत एक कॅमेरा मूर्तीवर आणि एक गुरुजींवर लागला. ह्यू बेली यांनी 2012 मध्ये सुरू केलेलं ओबीएस फुकट मिळतं, ते घराघरांत उतरलं. 1932 पासूनच्या लंडनच्या महाराष्ट्र मंडळासारख्या जुन्या संस्थेच्या इतिहासात दोन पिढ्यांचे गायक, वक्ते, नटून आलेली मुलं येऊन गेली असतील. त्यातलं किती चित्ररूपात उरलं असेल ते तुम्हीच आपल्या मंडळाच्या कपाटावरून ताडा.

माझ्याकडे विचारायला आलात तर मी दोनच कॅमेरे सांगेन. एक मागे, उंचावर, संपूर्ण रंगमंच धरणारा, ज्याला कुणी हात लावायचा नाही. दुसरा पुढे, बाजूला, चेहऱ्यांसाठी, आणि त्याच्यामागे माणूस बसलेला. तिसऱ्याचे पैसे चांगल्या माइकवर घाला. लोक धूसर चित्र सोसतात, फाटका आवाज सोसत नाहीत. एकसारखे दोन वेबकॅम घेतलेत तर सॉफ्टवेअर कधीकधी त्यांची अदलाबदल करतं, तेव्हा प्रत्येकावर चिकटपट्टी लावून नाव लिहा आणि रोज त्याच भोकात लावा.

एक गोष्ट मात्र हट्टाने करा. प्रक्षेपणात जे चित्र जातं तेवढंच साठवू नका. दोन्ही कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग वेगवेगळं ठेवा. डीएसएलआर आणि फोन आपापल्या कार्डावर टिपू शकतात, लॅपटॉपवर भार येत नाही. बटण दाबणाऱ्याने त्या क्षणी गायिकेकडे पाहिलं, आणि त्याच वेळी पहिल्या रांगेतले तुमचे आजोबा ओठांनी तेच पद म्हणत होते. ते प्रक्षेपणात गेलं नाही. मागच्या कॅमेऱ्यात, डाव्या कोपऱ्यात, लहानसं का होईना, ते असेल.