साडेत्रेसष्ट अंशांचा नियम

सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले आणि तोवर कुणाच्या खिजगणतीत नसलेली गल्लीची रुंदी हा सरकारी चिंतेचा विषय झाला. मांडवी म्हणजे बंदरालगतची धान्याच्या वखारींची वस्ती. घराला घर खेटलेले आणि दोन इमारतींच्या पाठींमधून जाणारी चिंचोळी हाऊसगल्ली. टोपलीच्या संडासांतला मैला तिथूनच उचलला जाई, सांडपाणी तिथूनच वाहे आणि मागच्या खोल्यांच्या खिडक्याही तिथेच उघडत.

कोंदट हवा आणि अंधार हेच रोगाचे मूळ, अशी तेव्हाची समजूत होती. त्यातून १८९८च्या कायद्याने मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. नमुना होता ग्लासगोचा. पश्चिमेचा समुद्रवारा दाट वस्तीत शिरावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट आखला गेला, पुढे सँडहर्स्ट रोडही झाला. पण पाडापाडीत बेघर झालेली माणसे शेजारच्याच चाळींत शिरली आणि तिथली गर्दी वाढली.

मग मोजमापाकडे लक्ष वळले. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम हिरिरीने पुढे रेटला. भिंतीच्या पायथ्यापासून या कोनात वर काढलेली रेषा समोरच्या इमारतीला अडू नये, एवढाच त्याचा अर्थ. हिशेब सोपा: समोरची चाळ ४० फूट उंच असेल, तर मध्ये निदान २० फूट मोकळी जागा हवी. उंची वाढवायची तर अंतरही वाढवा.

गंमत अशी की प्लेग हवेतून येत नव्हता. तो उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, हे पॉल-लुई सिमों याने १८९८मध्येच दाखवले होते, पण ते सर्वमान्य व्हायला काही वर्षे गेली. उंदरांना अंधाऱ्या गल्लीइतकीच धान्याच्या गोण्यांची ओढ. म्हणजे निदान चुकले होते. उपाय मात्र वाया गेला नाही, कारण क्षयासारख्या रोगांशी ऊन-वाऱ्याचा खरोखरच संबंध आहे.

त्याचा खरा उपयोग दादर-माटुंग्याच्या मोकळ्या जमिनीवर झाला. तिथे आधी रस्ते आखले गेले आणि घरे मागाहून आली. जुन्या वस्तीत मात्र प्रत्येक फुटासाठी कुणाचे तरी घर पाडावे लागे, म्हणून तिथे हा नियम बराचसा कागदावरच राहिला. ट्रस्ट १९३३मध्ये महापालिकेत विलीन झाला.