पेन्शनचा विकल्प आणि दाद

वऱ्हाडातून लोहमार्ग गेला तो मुख्यत्वेकरून कापसासाठी, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. 1867 साली गाडी नागपुरास पोहोचली, आणि अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा या स्थानकांभोवती नोकरदारांचा एक नवा वर्ग उभा राहिला. त्या वर्गाच्या म्हातारपणाची तरतूद कशी झाली, आणि ती फसली तेव्हा त्याने दाद कोठे मागितली, हा आमच्या आजच्या विवेचनाचा विषय आहे.

रेल्वेच्या नोकराला पूर्वी पेन्शन नव्हते. होता तो प्रॉव्हिडंट फंड. दरमहा पगारातून रक्कम कापली जाई, रेल्वे आपला वाटा घाली, आणि सेवा संपली की एकरकमी पैसा हाती पडे. 16 नोव्हेंबर 1957 पासून पेन्शन योजना आली. नव्या नोकरांना ती लागूच होती. जुन्यांना मात्र विकल्प मिळाला, फंडात राहा किंवा पेन्शन घ्या.

आज आपण म्हणू, यात विचार तो काय करायचा? परंतु त्या काळचा हिशेब निराळा होता. फंडाच्या पैशात घर होई, मुलीचे लग्न होई. उलट पेन्शनर गेला की पेन्शनही जाई; कुटुंबासाठी निवृत्तिवेतनाची व्यापक योजना आली ती 1964 साली. तेव्हा शेजारच्या टेबलावरचा अनुभवी कारकून ‘फंडच बरा’ म्हणाला, तर तो सल्ला दुष्टपणाचा नव्हता. पुढे महागाई वाढली, पेन्शन तिच्याबरोबर वाढू लागले, आणि एकरकमी पैसा जागच्या जागी विरला. सरकारने विकल्प पुन्हा पुन्हा दिला. पण प्रत्येक वेळी एक तारीख ठरलेली असे. त्या तारखेपूर्वी निवृत्त झालेला माणूस दाराबाहेरच राही.

17 डिसेंबर 1982 रोजी सर्वोच्च न्यायालयाने नाकरा खटल्यात निर्णय दिला, की पेन्शन ही भीक नव्हे, तो हक्क आहे, आणि केवळ निवृत्तीच्या तारखेवरून पेन्शनरांत भेद करता येणार नाही. फंडवाल्यांच्या आशा पालवल्या. पण 13 जुलै 1990 रोजी कृष्णकुमार खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने त्यांची मागणी फेटाळली. फंडवाले आणि पेन्शनर हे दोन भिन्न वर्ग आहेत. फंडाची रक्कम दिली की सरकारचे देणे संपते, असा त्या निर्णयाचा आशय होता. पुढे 1997 च्या नोव्हेंबरपासून अशा वृद्धांना दरमहा 600 रुपये मिळू लागले; परंतु ते अनुग्रह म्हणून, हक्क म्हणून नव्हे.

अकोल्याच्या सावतराम आणि मोहता या गिरण्या 1974 साली राष्ट्रीयीकृत झाल्या. गिरणी कामगारांचा कायदा वेगळा, पण विकल्पाचे दुखणे तेच. 1995 च्या कर्मचारी पेन्शन योजनेत ठराविक मर्यादेवरील पगारावरही वर्गणी भरून अधिक पेन्शन घेण्याचा विकल्प 1996 साली ठेवला गेला. देशभर असंख्य कामगारांना त्याची वार्ताही नव्हती. 4 नोव्हेंबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेवेत असलेल्यांना पुन्हा संधी दिली. पण 1 सप्टेंबर 2014 पूर्वी विकल्प न देता निवृत्त झालेल्यांना ती नाकारली. म्हणजे पुन्हा तारीखच आडवी आली!

आता थोडे परदेशाकडे पाहू. ब्रिटनमध्ये 2017 साली पोलाद कारखान्याच्या पेन्शन योजनेतून सुमारे 8,000 कामगारांनी आपला पैसा बाहेर काढला. पुष्कळांना सल्लागारांनी तसे सांगितले होते, आणि त्यासाठी मोबदला घेतला होता. वित्तीय नियामकाने तपासलेल्या सल्ल्यांपैकी जवळजवळ निम्मे अयोग्य निघाले, आणि 2023 साली भरपाईची योजना लागू झाली. कामगार मूळ योजनेतच राहिला असता तर त्याची जी स्थिती असती, तीपर्यंत त्याला आणून सोडायचे, हे भरपाईचे माप. तेथे सल्ल्याला धनी होता, म्हणून दाद लागली. आपल्याकडे सल्ला फुकट मिळतो, आणि फुकटच्या सल्ल्याला जबाबदार कोणीच नसतो. कागदावर राहते ती फक्त कामगाराची सही.

तरी आपल्याकडे सगळाच अंधार आहे, असे नाही. 1999 च्या डिसेंबरात शिवकुमार जोशी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भविष्य निर्वाह निधीचा सदस्य हा ग्राहक आहे, असे ठरविले. त्यामुळे निधी कार्यालयाच्या सेवेत कसूर झाली, तर अकोला किंवा अमरावतीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. मात्र तक्रार साधारणतः दोन वर्षांच्या आत करावी लागते.

या सत्तर वर्षांच्या इतिहासातून आम्हांस एवढेच दिसते, की निवृत्तीनंतर मागितलेली दाद न्यायालयात अनेकदा लंगडी पडते. सेवेत असताना उचललेले पाऊल अधिक पुढे जाते. म्हणून ज्यांची नोकरी अजून चालू आहे, त्यांनी विकल्पाचा कागद पुढे येताच मुदत पाहावी, कार्यालयाकडून खुलासा लेखी मागावा आणि सहीची प्रत पोच घेऊन घरी ठेवावी. आणि ज्यांच्या घरी वृद्ध पेन्शनर आहेत, त्यांनी त्यांच्या ट्रंकेतील जुने कागद या आठवड्यातच एकदा बाहेर काढून वाचावेत; दोन वर्षे फार लवकर सरतात.