गाडी लागते तेव्हा

कडेगावहून कराडमार्गे कोकणात सहल निघाली, की कुंभार्ली घाटात काही मुलांना गाडी लागतेच. डोळ्यांना समोरचे आसन स्थिर दिसते. आतल्या कानातील द्रव मात्र वळणे नोंदवतो. हा विसंवाद लंबमज्जेपर्यंत पोचतो आणि उलटी होते.

यावरचे एक औषध योगायोगाने सापडले. १९४७ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात गे व कार्लायनर हे डॉक्टर अंगावर उठणाऱ्या पित्तासाठी डायमेनहायड्रिनेट देऊन पाहत होते. एका गर्भवतीच्या लक्षात आले, की गोळी घेतली की ट्राम लागत नाही! नोव्हेंबर १९४८ मध्ये अटलांटिक ओलांडणाऱ्या जहाजावर काही सैनिकांना ही गोळी, तर काहींना निष्क्रिय गोळी देऊन हे पडताळले गेले.

हे औषध कानाकडून येणाऱ्या वाटेवर हिस्टामिनचा संदेश अडवते. कर्करोगावरील औषधांमुळे होणाऱ्या उलट्यांत मात्र संदेश मुख्यतः आतड्यातून, सिरोटोनिनमार्फत निघतो. तो अडवणारे ओन्डॅनसेट्रॉन १९९० च्या सुमारास आले. घाटात त्याचा फारसा उपयोग नाही.

म्हणजे उलटी एकच, वाटा अनेक. म्हणून गोळी डॉक्टरांना विचारूनच द्यावी आणि तीही प्रवासाआधी अर्धा तास. उलटी सुरू झाल्यावर दिलेली गोळी पोटात टिकणार कशी?